पिल्लाच्या हृदयात दोष निघाला तर: पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

ठमीला लस द्यायला नेलं होतं. आठ आठवड्यांची लॅब्रॅडॉर, पोट गोल, पाय तिच्या मानाने फारच मोठे. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप आधी डाव्या बाजूला लावला, मग उजव्या, मग परत उजव्याच बाजूला जरा पुढे सरकवून धरला आणि मी काहीतरी बोलत होते तर हाताने खूण करून मला गप्प केलं. ठमी तोवर त्या स्टेथोस्कोपची नळी चावत होती. डॉक्टर म्हणाले, "हार्टमध्ये मर्मर आहे, आणि बारीक नाहीये." माझ्या पोटात गोळाच आला. त्यानंतरचं ते काय बोलले त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

तुमच्यावर ही वेळ आत्ता आली असेल तर हे सगळं तुमच्यासाठीच लिहितेय. ठमीसोबत जे शिकले, तिच्या हार्टच्या डॉक्टरांनी जे परत परत समजावून सांगितलं ते सगळं क्रमाने देते. डोस कुठेही लिहिणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी हे समजून घ्या: मर्मर हे आजाराचं नाव नाही

मर्मर म्हणजे नुसता आवाज. रक्त नीट सरळ वाहायच्या ऐवजी कुठेतरी घुसळलं जातंय, एवढंच तो सांगतो. त्याला १ ते ६ अशा ग्रेड देतात. १ म्हणजे शांत खोलीत कान देऊन ऐकलं तरच येणारा, आणि ५ किंवा ६ म्हणजे छातीवर नुसता तळहात ठेवला तरी आतली थरथर जाणवते, मांजर गुरगुरताना लागते ना हाताला, तशी.

आता यातली चांगली बातमी अशी की खूप पिल्लांमध्ये १ किंवा २ ग्रेडचा हलका मर्मर असतो आणि तो निरुपद्रवी असतो, वाढीच्या वयातला. पिल्लू चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत तो आपोआप जातो. त्यामुळे हलका आवाज, पिल्लू हुंदडतंय, खातंय, वजन वाढतंय, तर डॉक्टर म्हणतील पुढच्या लसीला परत ऐकू, आणि ते बरोबर असतं.

पण आवाज ३ किंवा त्याच्या वरचा असेल, किंवा दोन ठोक्यांच्या मधेही न थांबता सलग येत असेल, किंवा पिल्लू दमतंय, वाढत नाहीये, भावंडांपेक्षा अर्धंच दिसतंय, तर "मोठं झालं की जाईल" हे कोणीही सांगितलं तरी थांबू नका. माझ्या ओळखीत एका पॉमेरेनियन पिल्लाच्या बाबतीत नेमकं हेच झालं, थांबा म्हणाले, ते थांबले, आणि सहा महिन्यांनी खोकत खोकत नेलं तेव्हा फुप्फुसात पाणी भरलेलं होतं. जो दोष एका ऑपरेशनमध्ये सुटला असता तो तोपर्यंत अवघड होऊन बसला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

अजून एक, आवाज मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला अगदी बारीक भोक असेल तर आवाज प्रचंड येतो आणि कुत्रं म्हातारं होईपर्यंत मजेत जगतं. उलट काही फार गंभीर दोषांत आवाज अगदी कमी असतो किंवा नसतोच. म्हणजे नुसत्या कानाने ठरवायची ही गोष्टच नाही.

इको करा, आणि लवकर करा

नाव कळतं ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कलर डॉपलरसकट (रक्त कुठून कुठे वाहतंय ते रंगांत दाखवणारं). ती शक्यतो हार्टमध्ये स्पेशलायझेशन केलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून करून घ्या, लांब जावं लागलं तरी जा, कारण पिल्लाचं हृदय मोठ्या बोराएवढं असतं आणि त्यातलं दोन मिलिमीटरचं बघायला सरावाची नजर लागते. सोबत एक्स-रे आणि ईसीजी बहुतेक करतातच. एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार आणि फुप्फुसात पाणी आहे का ते दिसतं, ईसीजीत ठोक्यांची लय.

दुखत अजिबात नाही. छातीवरचे थोडे केस काढतात, जेल लावतात, पिल्लाला कुशीवर झोपवतात. बहुतेक पिल्लांना भूल लागत नाही, तुम्ही डोक्याशी उभं राहून कान कुरवाळत राहायचं. ठमी तर मधेच झोपून गेली होती, स्क्रीनवर तिचं हृदय धडधडतंय आणि ही घोरतेय. फार लहान पिल्लाला तासन् तास उपाशी मात्र ठेवू नका, साखर खाली जाते. खायला द्यायचं की नाही ते आधी फोन करून विचारा.

कुठला दोष निघू शकतो

नावं ऐकून घाबरायला होतं म्हणून थोडं सोपं करून सांगते.

सगळ्यात आधी पीडीए (पेटंट डक्टस आर्टेरिओसस), कारण वेळेची खरी किंमत इथे आहे. आईच्या पोटात पिल्लू फुप्फुसाने श्वास घेत नाही, त्यामुळे महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते, जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटते. कधीकधी ती मिटतच नाही. मग रक्त सतत चुकीच्या रस्त्याने फुप्फुसाकडे जात राहतं आणि डावी बाजू ताणली जाते. आवाज मशीन चालू असल्यासारखा, अखंड, आणि तो डाव्या काखेत वरच्या बाजूला ऐकू येतो, स्टेथोस्कोप नुसता खाली लावला तर सुटूनही जातो. पूडल, पॉमेरेनियन, माल्टीज, कॉर्गी, जर्मन शेफर्ड यांच्यात जास्त, आणि मादी पिल्लांत जास्त. उपचार नाही केले तर निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या वर्षभरातच जातात. आणि वेळेत बंद केली तर बहुतेक पिल्लं पूर्ण आयुष्य जगतात, नॉर्मल! बंद करायचे दोन रस्ते, छाती उघडून ती नळी बांधायची, किंवा मांडीतल्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, नेऊन आत जाळीचं छोटं बूच बसवायचं. अगदी चिमुकल्या पिल्लांची मांडीतली धमनी फार बारीक असते म्हणून त्यांना बऱ्याचदा पहिलाच रस्ता. एक अपवाद लक्षात ठेवा. काही पिल्लांत फुप्फुसातला दाब इतका वाढतो की रक्त उलट वाहायला लागतं, तोंडाकडच्या हिरड्या गुलाबी आणि मागचा भाग, म्हणजे शेपटीखालची त्वचा, निळसर. अशा वेळी ती नळी बंद करायची नसते, म्हणून ऑपरेशनआधी इको हवाच.

दुसरा, पल्मोनिक स्टेनोसिस. उजव्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जायची झडप अरुंद. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बीगल, बॉक्सर. इकोत दाबातला फरक मोजतात, ५० मिमी पाऱ्याच्या आत असेल तर सौम्य, ८० च्या वर गंभीर. गंभीर असेल तर कॅथेटरने आत नेलेला छोटा फुगा फुगवून झडप मोकळी करतात आणि बऱ्याच कुत्र्यांना त्याने खूप फरक पडतो. बुलडॉगमध्ये मात्र हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी कधीकधी वेगळ्याच वाटेने, त्या झडपेला वेढा घालून गेलेली असते आणि तिथे फुगा फुगवला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी ते तपासायला सांगा.

तिसरा, सबएऑर्टिक स्टेनोसिस. महाधमनीच्या झडपेच्या जरा खाली एक कडं तयार होतं. गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड, बॉक्सर. हा फसवा आहे, कारण पिल्लू वाढतं तसं हे कडंही आवळत जातं, तिसऱ्या महिन्यात सौम्य दिसलेलं वर्षाचं होईस्तोवर गंभीर होऊ शकतं. त्यामुळे एकदा इको करून सुटलो असं नाही, साधारण एक वर्षाच्या वयात परत करायचा. गंभीर प्रकारात अचानक मृत्यूची भीती असते आणि त्यात फुगा फुगवून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, त्यामुळे भर औषधावर आणि दमवणारा खेळ टाळण्यावर. या पिल्लांना जखम, दाताचं काम, त्वचेचं इन्फेक्शन असं काही झालं तर डॉक्टरांना आठवण करून द्या, झडपेला इन्फेक्शन व्हायचा धोका जास्त असतो.

मग झडपाच नीट न बनलेल्या, मायट्रल (डावीकडची) किंवा ट्रायकस्पिड (उजवीकडची) डिस्प्लेझिया. ठमीला ट्रायकस्पिड होता, लॅब्रॅडॉरमध्ये दिसतोच. उजवीकडची झडप पूर्ण मिटत नाही, रक्त मागे फिरतं, वरचा कप्पा फुगत जातो. फार ठिकाणी यावर ऑपरेशन होत नाही, औषधांवरच सांभाळायचं. आणि शेवटी फॅलोट्स टेट्रालॉजी, चार दोष एकत्र, त्यात पिल्लू निळं पडतं, रक्त घट्ट होत जातं. अशा पिल्लाच्या अंगातलं पाणी कमी होता कामा नये, आणि दमणं, उन्हात राहणं हे तर अजिबातच नको.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा

वही घेऊन जा, किंवा परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा, कारण तेव्हा डोकं चालत नाही. मी पहिल्या भेटीत फक्त "जगेल ना?" एवढंच विचारलं, आणि त्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नव्हतं. दुसऱ्या वेळी लिहून नेलं: दोषाचं नेमकं नाव काय, सौम्य, मध्यम की गंभीर, ऑपरेशनने सुटण्यासारखा आहे का, असेल तर किती आठवड्यांत करायला हवं, नाही केलं तर पहिलं लक्षण काय दिसेल, हार्ट फेल्युअर आत्ता सुरू आहे की फक्त धोका आहे, आणि पुढचा इको कधी. यातला शेवटून दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. दोष असणं वेगळं आणि हृदय थकून पाणी साठायला लागणं वेगळं, बरीच पिल्लं पहिल्या अवस्थेत महिनोन् महिने, काही वर्षानुवर्षं राहतात.

पैशांचंही तिथेच मोकळेपणाने बोला. परवडत नसेल तर सांगा, लाजू नका. सगळंच जमत नसेल तेव्हा आधी काय आणि काय थांबू शकतं हे डॉक्टर सांगू शकतात, पण तुम्ही बोललात तरच. शिकवणी असलेली पशुवैद्यकीय कॉलेजं हाही एक रस्ता असतो.

घरी रोज: श्वास, हिरड्या, पोट, वजन

ही पायरी सगळ्यात जास्त उपयोगी पडते आणि हिला पैसे लागत नाहीत.

पिल्लू गाढ, शांत झोपलेलं असताना छाती वर-खाली झाली की एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. तारीख, वेळ, आकडा लिहा. शांत झोपेत हा आकडा साधारण ३० च्या आत राहायला हवा, अगदी बारक्या पिल्लांत थोडा जास्त चालतो, म्हणून पहिले सात-आठ दिवस रोज मोजून तुमच्या पिल्लाचा स्वतःचा आकडा काढा. पिल्लं झोपेत स्वप्नं बघतात, पंजे हलतात, ओठ थरथरतात, बारीक भुंकतातसुद्धा, तेव्हा श्वास भरभर होतो, तो मोजायचा नाही. मी पहिल्या आठवड्यात तेच मोजून रात्री दोनला डॉक्टरांना फोन केला होता, आणि त्यांनी न वैतागता विचारलं, "पाय हलतायत का तिचे?" हलत होते.

आकडा नेहमीपेक्षा वाढलेला दिसला तर तासाभराने परत मोजा. तरी वरच असेल तर त्याच दिवशी फोन. फुप्फुसात पाणी साठायला लागलं की खोकला, धाप दिसायच्या आधी बहुतेकदा हा आकडा चढतो.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली. श्वासाचा आकडा डाव्या बाजूच्या दोषांत लवकर बोलतो. दोष उजव्या बाजूचा असेल, ठमीसारखा, तर पाणी आधी पोटात साठतं आणि श्वास बरेच दिवस छान राहतो. म्हणून आम्ही दर रविवारी सकाळी खायच्या आधी टेपने पोट मोजायचो, शेवटच्या बरगडीच्या लगेच मागे, उभं करून, प्रत्येक वेळी त्याच जागी. तिथे मार्करने ठिपका करून ठेवायचे मी. वाढत्या पिल्लाचं माप वाढणारच, पण आठवड्यात एकदम चार सेंटीमीटर वाढलं आणि पोट ढोलकीसारखं घट्ट लागलं तर ती वाढ नाही. वजनाचंही तेच. काट्यावर आकडा चढतोय म्हणून मी खूश होते, आणि एकदा आंघोळ घालताना ओल्या अंगावर तिच्या पाठीचे मणके एकेक मोजता येतील असे हाताला लागले. वजन पाण्याचं वाढत होतं, अंगावरचं मांस कमी होत होतं. तेव्हापासून नुसता काटा नाही बघितला, दर आठवड्याला पाठीवरून आणि मांडीवरून हात फिरवायचा.

हिरड्या रोज बघा. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. काळ्या हिरड्यांचं कुत्रं असेल तर खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघायचा.

औषधं

फ्युरोसेमाइड हे पाणी काढायचं औषध, याने पिल्लू खूप पाणी पितं आणि खूप शू करतं, घरात जागोजागी होईल, ओरडू नका त्याच्यावर. आणि पाणी कमी करू नका, हे मी जितक्यांदा सांगेन तितकं थोडं. शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं उचललं तर किडनीवर येतं. पिमोबेंडान हृदयाच्या आकुंचनाला बळ देतं, ते रिकाम्या पोटी, खाण्याच्या साधारण तासभर आधी चांगलं लागू पडतं. पण झडप अरुंद असलेल्या दोषांत ते सहसा देत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याला फरक पडला म्हणून आपणही देऊन बघू, हे अजिबात नको. ॲटेनोलॉल ठोके कमी करून हृदयाला उसंत देतं, ते एकदम बंद करायचं नसतं, संपायच्या आठ दिवस आधी नवीन आणून ठेवा. बेनाझेप्रिल किंवा एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन हीसुद्धा सोबत देतात, आणि फुप्फुसातला दाब वाढला असेल तर सिल्डेनाफिल.

पिल्लांच्या बाबतीत मोठी अडचण अशी की वजन दर आठवड्याला बदलतं आणि डोस वजनावर असतो. दर सोमवारी वजन करून डॉक्टरांना कळवायचं ठरवून टाका, महिनाभर जुना डोस पुरत नाही. गोळीचा आठवा भाग करायची वेळ आली तर विचारा की पातळ औषध करून मिळेल का. मात्र माणसांचं सिरप परस्पर देऊ नका, त्यात झायलिटॉल नावाची गोडी असू शकते आणि ती कुत्र्यांना विषारी आहे. माणसांच्या सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि दुखण्यावरच्या गोळ्याही नाहीच, त्यातल्या काही ठोके वाढवतात आणि काही या औषधांसोबत किडनी बिघडवतात.

उलट्या, जुलाब सुरू झाले किंवा पिल्लाने खाणं सोडलं, तर पाणी काढायची पुढची गोळी देण्याआधी फोन करा. आधीच अंगातलं पाणी चाललंय आणि वरून आपण अजून काढतोय असं होतं. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासून किडनी आणि पोटॅशियम बघतात, ते टाळू नका. आणि डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल द्यायचा नाही. आमच्याकडे फ्रिजवर कागद होता, दिलं की टिक, कारण घरात तीन माणसं आणि तिघांनाही वाटायचं दुसऱ्याने दिलं असेल.

खाणं, खेळणं, लसी

पिल्लांचंच चांगलं संतुलित अन्न, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, कारण पोट गच्च भरलं की छातीला जागा कमी पडते आणि बारकी पिल्लं फार वेळ उपाशी राहिली की साखर उतरून गळून जातात. मिठाचं, खारवलेलं काही नाही. पण म्हातारपणच्या हृदयरोगाचं एकदम कमी मिठाचं अन्नही स्वतःच्या मनाने सुरू करू नका, वाढीला सोडियम लागतं. धान्य अजिबात नसलेलं, डाळी आणि वाटाण्यावर बेतलेलं फॅशनेबल अन्नही हृदयाच्या पिल्लाला नको, त्याचा कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का याची अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, २०१८ मध्ये चौकशी सुरू केली होती.

पट्टा गळ्यात नाही, छातीचा हार्नेस. खेळू द्या, पण थांबायचं त्याच्या मर्जीने. पिल्लू स्वतः बसलं की खेळ संपला, चेंडू दाखवून परत उठवायचं नाही. सबएऑर्टिक किंवा गंभीर पल्मोनिक असेल तर मात्र धावाधाव, इतर कुत्र्यांशी दंगामस्ती ही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच. वास घेत हळूहळू फिरणं, खाऊ लपवून शोधायला लावणं, यात पिल्लाचं डोकं दमतं आणि हृदय दमत नाही. ऊन आणि दमट उकाडा टाळा.

लसी चुकवू नका. "आजारी आहे, राहू दे" असं खूप जण म्हणतात, पण पार्वोसारखा आजार निरोगी पिल्लाला झेपत नाही तिथे यांचं काय. डॉक्टरांना विचारून दोन लसींमध्ये जरा अंतर ठेवता येतं. जंताचं औषधही वेळच्या वेळी. नसबंदी किंवा कुठलीही भूल द्यायची वेळ आली तर आधी हार्टच्या डॉक्टरांशी बोलणं झालेलंच असायला हवं.

झीट आली, धाप लागली तर

हे आजच ठरवून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही. रात्री उघडं असणारं, ऑक्सिजन असणारं हॉस्पिटल कुठलं, तिथला नंबर, गाडी कोण चालवणार, रिपोर्टची फाईल कुठे आहे.

झीट येते तेव्हा पिल्लू एकदम कोसळतं, पाय लुळे पडतात किंवा क्षणभर ताठ होतात, शू होऊ शकते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटात उठून इकडे तिकडे बघायला लागतं. फिट आली तर तोंडाला फेस, पाय सायकल चालवल्यासारखे, आणि नंतर बराच वेळ भांबावलेलं राहतं. फरक कळला नाही तरी चालेल, व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्यातून कळतं. कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा, तोंडात पाणी घालू नका, हलवून उठवू नका. उठलं तरी त्याच दिवशी फोन करा.

आणि यातलं काही दिसलं तर फोन करत करत निघायचंच: झोपेत किंवा शांत बसलेलं असताना श्वास ४० च्या वर आणि तो खाली येत नाहीये, मान पुढे ताणून कोपरं बाहेर काढून बसलंय, आडवं पडायला तयार नाही, जीभ किंवा हिरड्या निळ्या-करड्या, पोट प्रत्येक श्वासाला जोरात आत जातंय, तोंडातून गुलाबी फेस. वाटेत गाडी गार ठेवा, पिल्लाला छातीशी घट्ट कवटाळू नका, जसं बसायचंय तसं बसू द्या, सुपात किंवा खोक्यात. खायला-प्यायला नाही. घाबरलं की ऑक्सिजन अजून लागतो, म्हणून गाडीत रडारड नको, आवाज हळू.

घरातली माणसं

माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा, त्याला आम्ही आधी काही सांगितलं नाही आणि तो तिला पळवायचा, मग आम्ही ओरडायचो, आणि त्याला कळेना आपलं काय चुकलं. शेवटी सरळ सांगितलं की ठमीच्या हृदयातलं एक दार नीट लागत नाही, म्हणून ती लवकर दमते. त्याला पटलं. श्वास मोजायचं काम त्यानेच घेतलं, बोटांवर मोजायचा, आणि माझ्यापेक्षा बरोबर मोजायचा. मुलांना खरं सांगा, त्यांच्या भाषेत.

आणि स्वतःकडेही बघा. मी पहिले दोन महिने रात्री दर तासाला उठून तिच्या छातीवर हात ठेवायचे. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, दिवसातून एकदा मोजायचं, रात्री झोपायचं. ते ऐकलं म्हणून पुढचं निभावलं.

निरोपाची वेळ

सगळ्या पिल्लांवर ही वेळ लवकर येत नाही, काहींवर येते, ठमीवर आली. पोटातलं पाणी सुईने काढावं लागायचं. आधी सहा आठवड्यांनी, मग तीन, मग आठ दिवसांनी. ते अंतर कमी होत गेलं तसं मला कळत गेलं. तुम्हीही असंच काहीतरी मोजता येणारं धरा. तिला आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहून ठेवा, दारात स्वागताला येणं, खाऊच्या डब्याचा आवाज ओळखणं, जे असेल ते, आणि कॅलेंडरवर चांगला दिवस, वाईट दिवस खूण करा. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. श्वासासाठी धडपडत मध्यरात्री जायच्या ऐवजी दिवसा, शांतपणे, ओळखीच्या हातात जाणं हे तिच्यासाठी बरं, असं मी ठरवलं आणि अजूनही मला तेच बरोबर वाटतं.

कसं असतं ते आधी माहीत असलेलं बरं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, पिल्लू झोपून जातं. मग भुलेच्या औषधाचा मोठा डोस, हृदय थांबतं, त्यात दुखत नाही. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा होतो, शू होते, ते शरीराचं असतं, ती जागी नसते. तुम्ही जवळ थांबलात तर झोप लागेपर्यंत तिला तुमचा वास येत राहतो. ठमी दोन वर्षं दोन महिन्यांची होती, डोकं भाच्याच्या मांडीवर होतं.

उरलेली औषधं दुसऱ्या कुत्र्याला देऊ नका, परत करा. आणि निदान झालं त्याच आठवड्यात करायचं एक काम, जे मी खूप उशिरा केलं: जिथून पिल्लू आणलं त्यांना रिपोर्ट पाठवा. यातले बरेच दोष आनुवंशिक असतात, त्या आईबापांचं परत ब्रीडिंग होता कामा नये, आपल्या पिल्लाचंही नाही, आणि भावंडांच्या छातीला एकदा स्टेथोस्कोप लागायला हवा. मी कळवलं तेव्हा ठमीची भावंडं दीड वर्षांची झाली होती, सातपैकी चौघांचेच पत्ते मिळाले. त्या चौघांत एका काळ्या भावाला मर्मर निघाला, उजव्या बाजूलाच. त्याच्या घरच्यांना मी श्वासाची वही आणि पोट मोजायची टेप पाठवून दिली, मापं कुठे घ्यायची ते फोटोवर ठिपका काढून.